पाचवीची वार्षिक परीक्षा आणि इंग्रजीचे ५० गुण : नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

जूनमध्ये पाचवीचा वर्ग प्रथमच हाती येतो तेव्हा इंग्रजीच्या बाबतीत दोन गोष्टी एकदमच लक्षात येतात. राज्यातील सर्व शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जात असल्यामुळे वर्गातील प्रत्येक मुलाची या विषयाची चार वर्षे झालेली असतात. आणि तरीही त्यांतील बरीच मुले फळ्यावरचे तीन शब्दांचे साधे वाक्य स्वतःहून वाचायला धजत नाहीत. आता याच मुलांना वर्षाअखेरीस एक अशी परीक्षा द्यायची असते, जिच्या निकालावर त्यांचे सहावीत जाणे अवलंबून असते. जिल्हा परिषदेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत, जिथे पाचवीला आजूबाजूच्या वस्त्यांवरची मुले एकत्र येतात, तिथे ही तयारी कशी करावी हे मी येथे क्रमाने सांगणार आहे. इंग्रजी शब्द लेखाच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. फळ्यावर आणि वहीत ते इंग्रजी अक्षरांतच लिहावेत, आणि असे का, हेही पुढे येईलच.

आधी परीक्षा समजून घ्या

२०१० पासून आपल्याकडे पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आकारिक (वर्षभर वर्गात चालणारे) आणि संकलित (सत्राच्या अखेरीस होणारे) अशा दोन्ही मूल्यमापनांतून श्रेणी मिळत असे आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम १६ मुळे कोणत्याही मुलाला त्याच वर्गात ठेवता येत नव्हते. २०१९ मध्ये केंद्राने या कलमात दुरुस्ती केली, २०२३ मध्ये राज्याने त्यानुसार आपले नियम बदलले आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी आणि आठवीसाठी दुसऱ्या सत्राच्या अखेरीस वार्षिक परीक्षा सुरू झाली. पाचवीला इंग्रजीचे एकूण ५० गुण असून त्यांपैकी १० गुण तोंडी किंवा प्रात्यक्षिक स्वरूपाचे आणि ४० गुण लेखी आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के, म्हणजे ५० पैकी १८ गुण लागतात. जे मूल तेथवर पोहोचत नाही त्याला अतिरिक्त मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यावी लागते, आणि त्यातही ते अनुत्तीर्ण झाले तर ते पाचवीतच राहते. मात्र प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, ही गोष्ट पालकांना पहिल्याच सभेत स्पष्ट सांगा, कारण ‘नापास’ हा शब्द ऐकल्यावर मुलीची शाळा थांबवण्याचा विचार करणारी घरे आजही आहेत.

हे आकडे पाठ करण्यापुरते नाहीत. ज्या मुलाला तोंडी परीक्षेत ७ गुण मिळतात त्याला लेखीत ४० पैकी ११ गुण पुरतात. ज्याला तोंडीत २ च मिळतात त्याला लेखीत १६ मिळवावे लागतात. लिहिण्यात मागे असलेल्या मुलासाठी तोंडीचे १० गुण हाच पहिला आधार आहे, आणि म्हणून तयारीची सुरुवात लिहिण्यापासून न करता ऐकण्या-बोलण्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. प्रश्नपत्रिकेचा आराखडा, उत्तरे प्रश्नपत्रिकेतच लिहायची की स्वतंत्र कागदावर, तोंडी परीक्षेच्या तारखा, दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सवलती या बाबी त्या त्या वर्षीच्या परिपत्रकांनुसार मुख्याध्यापकांकडून वेळेवर समजून घ्या आणि आपल्या टाचणवहीत नोंदवून ठेवा.

माझी पहिल्या वर्षीची चूक

परीक्षा सुरू झाली त्या वर्षी मी घाबरून एक सोपा मार्ग धरला. प्रत्येक धड्याची पाच-सहा प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून दिली, ती मुलांनी दहा-दहा वेळा लिहिली आणि पाठ केली. सराव चाचणीत मी ‘व्हेअर डज युअर फ्रेंड लिव्ह?’ असा प्रश्न दिला. पाठ केलेल्या उत्तरात ‘फ्रेंड’ हा शब्द होता, म्हणून वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी मित्राच्या नावाचे पाठ केलेले वाक्य तसेच्या तसे लिहिले. उरलेल्यांपैकी काहींनी प्रश्नच सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवून शेवटचे प्रश्नचिन्ह काढून टाकले. एका मुलीला मी जवळ बोलावून मराठीत विचारले, “तुझी मैत्रीण कुठे राहते?” ती लगेच म्हणाली, “बाई, मळ्यात राहते, विहिरीपाशी.” तिला उत्तर येत होते. प्रश्न काय विचारतो आहे, हे तिला कागदावरून कळत नव्हते, आणि ते मी तिला कधी शिकवलेच नव्हते. त्या दिवसापासून माझ्या तयारीचा क्रमच बदलला.

जून-जुलै : प्रत्येक मूल कुठे आहे ते पाहणे

पहिल्या दोन आठवड्यांत लेखी चाचणी घेऊ नका. प्रत्येक मुलाला पाच मिनिटे शेजारी बसवून चार गोष्टी पाहा. ते अक्षर दाखवल्यावर नाव सांगते की आवाजही सांगते. ‘कॅट’, ‘पिन’, ‘सन’ यांसारखे तीन अक्षरी शब्द वाचते की केवळ ओळखीचे शब्द आठवणीने सांगते. ‘स्टँड अप’, ‘ओपन द विंडो’ यांसारख्या सूचना ऐकून कृती करते का. आणि स्वतःविषयी एखादे वाक्य बोलते का. प्रत्येक मुलाच्या नावापुढे या चार खुणा करून ठेवल्या की वर्गाचे गट आपोआप पडतात.

अक्षराचे नाव आणि आवाज यांतील फरकाकडे मी विशेष लक्ष वेधते. आपल्याकडे मुले ‘सी-ए-टी कॅट’ असे सुरात म्हणतात, पण त्या तीन नावांतून ‘कॅट’ हा आवाज कसा निघाला हे त्यांना उमगलेले नसते. ते पाठांतर असते. त्याऐवजी क्, ॲ, ट् हे आवाज सुटे म्हणवून मग जोडून घ्या, आणि लगेच पहिले अक्षर बदलून बॅट, रॅट, मॅट असे कुटुंब तयार करा. मराठी मुलाला ही पद्धत परकी वाटत नाही, कारण बाराखडीत त्याने हेच केलेले असते. रोज परिपाठानंतरची दहा मिनिटे एवढ्यासाठीच ठेवली, तर दिवाळीपर्यंत बहुतेक मुले नवा छोटा शब्द स्वतः वाचू लागतात असा माझा अनुभव आहे. जी मुले बी आणि डी यांत गोंधळतात त्यांना रागावू नका. चार रेघी वहीत मोठ्या आकारात गिरवून घेणे आणि रोज थोडा सराव देणे एवढेच पुरते.

येथेच एक सवय मोडावी लागते. इंग्रजी ओळीखाली देवनागरीत उच्चार लिहून देण्याची पद्धत घरोघरी आणि शिकवण्यांतूनही रूढ आहे. त्यामुळे मुलाची नजर इंग्रजी ओळीवर टिकतच नाही, ते खालची मराठी ओळ वाचते, आणि परीक्षेच्या कागदावर ती खालची ओळ नसते. पालकांना हे समजावून सांगा. मोठ्या भावंडांना तर अवश्य सांगा, कारण ती मदतीच्या भावनेनेच हे करत असतात.

तोंडी परीक्षेच्या १० गुणांची तयारी

तोंडी परीक्षा वर्षाच्या शेवटी अचानक घेतली, तर बोलणारी मुलेही गप्प होतात. म्हणून ती जुलैपासूनच वर्गाच्या व्यवहारात मिसळावी. हजेरी घेताना ‘प्रेझेंट’ ऐवजी रोज एक वाक्य म्हणायला लावा: आज खाल्लेला पदार्थ, आवडता रंग, घरातला प्राणी. पोषण आहाराच्या वेळी ‘गिव्ह मी सम राइस, प्लीज’ असे म्हणून भात घेण्याची पद्धत पाडली, तर वाढणाऱ्या मावशीही आठवड्याभरात ‘टेक इट’ म्हणू लागतात आणि मुलांची भीड पार जाते.

परीक्षेच्या दृष्टीने मी चार प्रकार सातत्याने करून घेते: स्वतःची आणि कुटुंबाची ओळख चार-पाच वाक्यांत सांगणे, चित्र पाहून दिसणाऱ्या गोष्टी सांगणे, सूचना ऐकून कृती करणे, आणि पाठ्यपुस्तकातील कविता म्हणणे किंवा एक लहान उतारा मोठ्याने वाचणे. यांत चित्रवर्णन सर्वांत फलदायी ठरते, कारण ‘देअर इज’ आणि ‘आय कॅन सी’ एवढ्या दोन सुरुवाती हाताशी असल्या की मूल कोणत्याही चित्रावर पाच वाक्ये बोलू शकते. चित्र म्हणून आठवडी बाजाराचे, एसटी थांब्याचे किंवा खळ्याचे मोठे चित्र वर्गातील मुलांकडूनच काढून घ्या. स्वतः काढलेल्या शेळीविषयी बोलताना मूल अडखळत नाही. गुण देताना उच्चारातील गावाकडचा हेल किंवा ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन्हींसाठी आपला एकच ‘व’ येणे, यासाठी गुण कापू नयेत. ऐकणाऱ्याला अर्थ समजला की नाही, हा निकष ठेवावा, आणि मूल गप्प राहिले तर एक शब्द सुचवून दुसरी संधी द्यावी.

ऑगस्ट ते दिवाळी : सूचना आणि प्रश्नशब्द

लेखी परीक्षेत गुण जाण्याचे सर्वांत मोठे कारण, माझ्या अनुभवात, शब्द न येणे हे नसून सूचना न कळणे हे असते. मॅच, सर्कल, अंडरलाइन, टिक, चूज, कम्प्लीट, रीअरेंज, फिल इन द ब्लँक्स, नेम, राइट या दहा सूचनांची पट्टी वर्गाच्या भिंतीवर लावा आणि प्रत्येकीसमोर शब्दार्थाऐवजी ती कृतीच काढून दाखवा: सर्कलसमोर वर्तुळात पकडलेला शब्द, अंडरलाइनसमोर खाली रेघ मारलेला शब्द. मग आठवड्यातून एकदा असा खेळ घ्या, ज्यात सर्वांसमोर शब्दांची एकच यादी असते आणि शिक्षक केवळ सूचना बदलत जातो. ‘सर्कल द ॲनिमल्स’ म्हटल्यावर जे मूल प्राण्यांखाली रेघ मारते, त्याला आपले काय चुकले हे स्वतःलाच दिसते.

त्यानंतर प्रश्नशब्द घ्यावेत. हू म्हणजे कोण, व्हॉट म्हणजे काय, व्हेअर म्हणजे कुठे, व्हेन म्हणजे केव्हा, व्हाय म्हणजे का आणि हाऊ म्हणजे कसे, ही सहा जोडपी पाठ होणे सोपे आहे. वाचताना मात्र ‘हू’ आणि ‘हाऊ’ यांची अदलाबदल जवळजवळ प्रत्येक वर्गात होते, कारण दोन्ही शब्दांत तीच तीन अक्षरे आहेत आणि फक्त क्रम वेगळा आहे. या दोन शब्दांसाठी मी दोन वेगळ्या रंगांची कार्डे करते आणि तीन-चार आठवडे रोज दाखवते. ‘व्हेअर’ आणि ‘व्हेन’ साठीही तेच करावे. प्रश्नशब्द कळला की उत्तराचा प्रकार कळतो: कोण आहे तर नाव शोधायचे, कुठे आहे तर जागा शोधायची.

दिवाळीनंतर : उतारा वाचून उत्तर लिहिणे

लेखी तयारीचा गाभा हाच आहे आणि त्यासाठी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवावा. उतारे पुस्तकाबाहेरचे असावेत, पण जग ओळखीचे असावे. ते मी स्वतः लिहिते. उदाहरणार्थ : ‘मीना हॅज अ गोट. द गोट इज ब्लॅक. इट ईट्स ग्रीन ग्रास. मीना टेक्स द गोट टू द रिव्हर एव्हरी डे.’ एवढ्या चार वाक्यांवर ‘हू हॅज अ गोट?’, ‘व्हॉट डज द गोट ईट?’ आणि ‘व्हेअर डज मीना टेक द गोट?’ असे तीन प्रश्न तयार होतात.

आता मुलांकडून पुढील क्रमाने काम करून घ्या. प्रथम प्रश्नशब्दाला गोल करायचा. मग प्रश्नातील असा एखादा शब्द शोधायचा जो उताऱ्यातही आहे, आणि उताऱ्यात त्याच्याखाली बोट ठेवायचे. ज्या वाक्यावर बोट आले ते वाक्य पूर्ण वाचायचे. बहुतेक वेळा उत्तर त्याच वाक्यात किंवा शेजारच्या वाक्यात असते. मग उत्तर लिहायचे, आणि येथेच मुलांना एक नियम हाताशी लागतो. ‘डज’ असलेल्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना ‘डज’ निघून जातो, पण जाताना आपला ‘स’ क्रियापदाला देऊन जातो: ‘डज ईट’ चे ‘ईट्स’ होते, ‘डज लिव्ह’ चे ‘लिव्ह्‌ज’ होते. हे वाक्य मी वर्गात म्हणते आणि मुले एका सुरात त्याला पुस्ती जोडतात. व्याकरणाच्या संज्ञा न वापरताही दहा वर्षांच्या मुलाला हे नीट समजते. सुरुवातीला एका शब्दाचे उत्तर बरोबर आले तरी ते मान्य करा, आणि पूर्ण वाक्याचा आग्रह जानेवारीपासून धरा.

स्वतःचे वाक्य लिहिणे

चित्रावर किंवा दिलेल्या विषयावर चार-पाच वाक्ये लिहिताना मराठी मुलांच्या ज्या चुका होतात त्या आपल्या भाषेच्या घडणीतून आलेल्या असतात, म्हणून त्या निष्काळजीपणाच्या मानू नयेत.

मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून मूल ‘आय मँगो ईट’ लिहिते. यासाठी तीन मुलांना तीन कार्डे देऊन समोर उभे करा. ‘मी’, ‘आंबा’, ‘खातो’ अशी मराठी रांग आधी लावा, मग त्यांच्या हातांत इंग्रजी कार्डे द्या आणि शेवटच्या मुलाला मधे यायला सांगा. तो मुलगा शेवटून चालत मधे येतो, हे दृश्य मुले विसरत नाहीत, पुढे कोणी चुकले की बाकावरूनच आवाज येतो, “ईटला मधे घ्या!”

‘अ’ आणि ‘द’ यांना मराठीत जुळे शब्द नाहीत, त्यामुळे ते सतत गळतात. पाचवीत त्यांचे सर्व नियम सांगण्यात वेळ घालवू नये. ‘धिस इज अ...’ आणि ‘आय हॅव अ...’ अशा तयार साच्यांतून ते अंगवळणी पडू द्यावेत. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसतात, म्हणून वाक्याचे पहिले अक्षर आणि नावाचे पहिले अक्षर मोठे काढण्याची आठवण पुन्हा पुन्हा करून द्यावी लागते. शब्दांमधील अंतराचेही तसेच आहे. आपल्या लिपीत शिरोरेखा शब्दाला बांधून ठेवते आणि रेघ तुटली की शब्द संपला हे डोळ्यांना दिसते. इंग्रजीत ती रेघ नसल्यामुळे मुलांचे सगळे शब्द एकमेकांना चिकटतात आणि तपासणाऱ्याला वाचता न आल्यामुळे येत असलेल्या उत्तराचे गुण जातात. प्रत्येक शब्दानंतर डाव्या हाताचे बोट कागदावर ठेवून मग पुढचा शब्द लिहायला सांगा. पंधरा दिवसांत अक्षर कसे सुधारते ते पाहा.

निबंध पाठ करून घेण्याऐवजी विषयागणिक सहा-सात शब्द फळ्यावर द्या आणि वाक्ये मुलांना करू द्या. ‘माय फादर इज अ फार्मर. ही हॅज टू बुल्स.’ अशी साधी, पण स्वतःच्या घरातली तीन वाक्ये मला गाइडमधून पाठ केलेल्या दहा वाक्यांपेक्षा अधिक मोलाची वाटतात, आणि विषय थोडा फिरवला तरी ती लिहिणारे मूल अडत नाही.

फेब्रुवारी-मार्च : सराव प्रश्नपत्रिका

तीन सराव परीक्षा पुरेशा आहेत. रोजच्या प्रश्नपत्रिकांनी मुले केवळ थकतात. पहिली परीक्षा मुलांबरोबर मोठ्याने वाचत सोडवा, दुसरी गटात सोडवू द्या, आणि तिसरी अगदी वार्षिक परीक्षेसारखी, वेळ लावून, अंतरावर बसवून घ्या. तपासल्यानंतर गुण सांगण्याआधी मुलाला त्याचा कागद परत द्या आणि चूक शब्दाची झाली, सूचनेची झाली की वेळेअभावी झाली, हे त्यालाच ठरवू द्या. कोरी सोडलेली जागा हा निराळा प्रश्न आहे. चुकण्याच्या भीतीने मुले येत असलेलेही लिहीत नाहीत, म्हणून ‘कोरे काही सोडायचे नाही, निदान एक शब्द लिहायचा’ हा नियम सराव परीक्षांतच रुजवा.

मधेच बाहेरगावी जाणारी आणि पुनर्परीक्षेला बसणारी मुले

ऊसतोडणीच्या भागात दिवाळीच्या आसपास काही मुले आईवडिलांबरोबर कारखान्याच्या पट्ट्यात जातात आणि मार्चच्या पुढेमागे परततात. म्हणजे वरील नियोजनाचा सर्वांत महत्त्वाचा भाग त्यांच्या वाट्याला येतच नाही. शक्य तेथे हंगामी वसतिगृहाचा पर्याय पालकांशी ऑक्टोबरमध्येच बोलून घ्या. मूल जाणारच असेल, तर सूचनांची पट्टी, सहा प्रश्नशब्दांची कार्डे आणि दहा छोटे उतारे असलेली एक वही त्याच्या दप्तरात द्या आणि आठवड्यातून एकदा पालकांच्या फोनवर त्याच्याकडून एक उतारा वाचून घ्या. परत आल्यावर त्याची तोंडी तयारी आधी करा, कारण थोड्या दिवसांत वाढू शकणारे गुण तेच आहेत.

पुनर्परीक्षेची वेळ आलीच, तर संपूर्ण पुस्तक पुन्हा शिकवू नका. मुलाचा वार्षिक परीक्षेचा कागद समोर घ्या, कुठे गुण गेले ते पाहा आणि १८ पर्यंत पोहोचण्यासाठी कमी पडलेले गुण कोणत्या दोन प्रश्नप्रकारांतून मिळतील ते ठरवा. बहुधा सूचनांचे प्रश्न आणि उतारा यांवरच काम करावे लागते. रोज पाऊण तास, तीन-चार मुलांचा गट, आणि प्रत्येक दिवशी एक उतारा एवढे पुरते. सुटीत मूल मामाच्या गावी गेले असेल तर आईला स्वतः फोन करा, तारीख सांगा आणि मूल कोणत्या दिवशी शाळेत येणार ते तिच्याकडूनच ठरवून घ्या. निरोप दुसऱ्या मुलाबरोबर पाठवला तर तो पोहोचतोच असे नाही.